पस्तीस की छत्तीस

शेजारच्या मुलीने गेल्या वर्षी पियानोची पाचव्या इयत्तेची परीक्षा विशेष श्रेणीत पार केली. संदेशचा डबा घेऊन ती सांगायला आली. मी म्हटलं, बस, काहीतरी वाजव. ती स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले आणि ओशाळून म्हणाली, "एखन तो किछुइ नेइ, काकिमा." आत्ता तर काहीच नाही. परीक्षेचे तुकडे परीक्षेच्या दिवशीच संपले होते आणि पुढच्या पुस्तकातले अजून सुरू व्हायचे होते. सहा वर्षं शिकलेल्या मुलीजवळ शेजारणीला ऐकवण्याजोगं एक मिनिटही नव्हतं.

दोष तिचा नव्हता. वर्षाला तीन-चार तुकडे घोटायचे, परीक्षकासमोर वाजवायचे, गुणपत्रिका चौकटीत लावायची आणि वही मिटायची, हा क्रम भारतभर हजारो घरांत चालतो. गाणं शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत असं सहसा होत नाही. दोन वर्षं गाण्याच्या क्लासला गेलेल्या कुणालाही अचानक विचारा, भूपातली एखादी बंदिश ती गुणगुणेलच. तिथे वही असते, पण विद्या वहीत राहत नाही. पियानोची विद्या मात्र वहीतच राहते, आणि वही उघडी असेल तोवरच ती आपली.

मी हे शहाणपणाने बोलते आहे, पण छत्तिसाव्या वर्षापर्यंत माझीही हीच गत होती. कोलकात्यात येऊन स्थिरावल्यावर एक जुना उभा पियानो घेतला. इथल्या दमट हवेत पावसाळ्याआधी आणि नंतर असा वर्षातून दोनदा तो लावून घ्यावा लागतो. एका पावसाळ्यात दिवे गेले होते, पियानो नुकताच लावलेला होता, आणि अंधारात मला एकही गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवता येईना. तेव्हा नियम केला: लहान रचनाच घ्यायच्या, जास्तीत जास्त दोन पानांच्या, महिन्याला एक, आणि पाठ झाल्याशिवाय पुढची उघडायची नाही. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. डायरीत ७१ नावं आहेत. काही महिने आजारपणात गेले, काही आळसात. त्यातल्या २३ रचना आज, आत्ता, वहीशिवाय वाजवता येतात. या लेखाचा विषय त्या २३ आणि उरलेल्या ४८ यांच्यातला फरक हा आहे. काय आवडतं हे मला आधीही माहीत होतं. काय टिकतं हे मात्र पाठ करू लागल्यावर कळलं, आणि या दोन याद्या जुळल्या नाहीत.

आधी एक शब्दाची अडचण. पाठ असण्याला मराठीत तोंडपाठ म्हणतात, मुखोद्गत म्हणतात, कंठस्थ म्हणतात. बंगालीत मुखस्थ, गुजरातीत मोढे, कन्नडमध्ये बायिपाठ. आपल्या बहुतेक भाषांनी स्मृती तोंडात आणि गळ्यात ठेवली आहे. तमिळ तेवढं मनप्पाडम म्हणून ती मनात नेतं. इंग्रज आणि फ्रेंच तिला काळजात ठेवतात. पण हातात कुणीच ठेवत नाही. पियानो वाजवणाऱ्याला मात्र पहिल्यांदा वाटतं ते हेच, की हातांना येतंय. जर्मन शब्द सगळ्यात विचित्र आहे: 'आउसवेंडिग', म्हणजे बाहेरून, बाहेरच्या अंगाने. बरीच वर्षं मला हा शब्द चुकीचा वाटायचा. आता वाटतं, बोटांच्या पाठांतराचं इतकं प्रामाणिक वर्णन दुसऱ्या भाषेत नाही. बोटांनी पाठ केलेलं बाहेरूनच पाठ झालेलं असतं. समोर कुणी येऊन बसलं, खिडकीत कावळा ओरडला, की ते पाखरासारखं उडून जातं. शूमानने मुलांसाठी लिहिलेल्या नियमांमध्ये हे स्पष्ट बजावलं आहे: रचना बोटांना येऊन भागत नाही, वाद्य नसताना ती गुणगुणता आली पाहिजे, आणि नुसती चाल नव्हे, तिच्याखालचे स्वरसमूहही ध्यानात धरता आले पाहिजेत.

आता निवडीबद्दल. लहान रचना निवडायला बसलं की बाजारात मिळतात ते 'सर्वांचे आवडते सोपे तुकडे' छापाचे संग्रह. माझा पहिला सल्ला, ते घेऊ नयेत. त्यात रचना सोप्या केलेल्या असतात, म्हणजे मधले स्वर काढलेले असतात, आणि नेमके मधले स्वरच स्मृतीला धरून ठेवतात. बीथोव्हेनच्या 'फ्यूर एलीझे'ची पहिली आठ मिनिटं (तेवढा वेळ लागतो चुकत चुकत) प्रत्येकाला येतात आणि मधले दोन भाग कुणालाच येत नाहीत, याचं कारण हे संग्रह. मूळ रचना बरी आहे, पण मी ती पाठ केली आणि सोडून दिली. ती लिफ्टमध्ये, खेळण्यात, कचऱ्याच्या गाडीवर इतकी ऐकली आहे की माझ्या स्मृतीत तिच्यासाठी जागा करावी लागत नाही, काढावी लागते.

एरिक सातीची पहिली 'जिम्नोपेदी', १८८८ची, ही सगळ्यांना सोपी वाटते आणि आहेही. पाठ करताना मात्र ती सापळा आहे. दोन अर्ध आहेत, जवळजवळ सारखे, फक्त शेवटी वळण वेगळं. पहिल्या अर्धाचं वळण दुसऱ्यांदाही घेतलंत तर तुम्ही परत सुरुवातीला येता. एका संध्याकाळी मी ती तीनदा फिरले. पाहुणे सभ्य होते. ती त्या ४८ मध्ये गेली, आणि तिचं मला वाईट वाटत नाही; तिची सगळी मजा ऐकण्यात आहे, बाळगण्यात नाही.

शोपँचे चोवीस प्रिल्यूड, ओपस २८, हे लहान रचनांचं खरं भांडार. १८३९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आधीचा हिवाळा त्याने माजोर्का बेटावर काढला होता, आणि तिथे जाताना बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर'ची प्रत बरोबर नेली होती. यातला नववा बारा खणांचा, विसावा तेरा, सातवा सोळा. (खण म्हणजे बार, वहीतल्या दोन उभ्या रेघांमधली जागा. आमच्या गावच्या घरांत खण मोजायचे, म्हणून मला हा शब्द जवळचा.) सातवा प्रिल्यूड एका मिनिटाच्या आत संपतो. एकच लय आठ वेळा येते, आठ चरणांच्या कवितेसारखी, आणि बाराव्या खणात अचानक एक इतका रुंद स्वरसमूह येतो की माझ्यासारख्या लहान हाताला तो एकदम धरता येत नाही, वरपर्यंत सावरत न्यावा लागतो. अख्ख्या रचनेची आठवण त्या एका जागेला टांगलेली आहे. लहान रचना निवडताना मी आता हेच बघते: अशी एखादी खुंटी आहे का? गोड असून खुंटी नसलेल्या रचना महिन्याभरात घरंगळतात.

चौथा प्रिल्यूड, ई मायनर पट्टीतला, पंचवीस खणांचा, माझ्यासाठी वेगळंच प्रकरण ठरलं. १८४९च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीच्या वेळी तो ऑर्गनवर वाजवला गेला. त्याबद्दल लिहिणारे बहुतेक त्याच्या चालीबद्दल लिहितात. मीही एकदा एका नियतकालिकात तसं लिहिलं होतं, 'आर्त चाल' वगैरे. मग पाठ करायला घेतला. तीन आठवडे गेले आणि डावा हात बसेना. डाव्या हाताला तीन-तीन स्वरांचे समूह सारखे ठोकत राहायचे आहेत, आणि प्रत्येक समूह आधीच्यासारखाच, फक्त एखादा स्वर अर्ध्या पावलाने खाली. बोटांना फरक इतका कमी की ती कुठल्याही पायरीवर कुठल्याही पायरीवरची समजून चालत. शेवटी तीन बोटांना तीन माणसं मानलं. आता कोण उतरतंय? मधला. आता? खालचा. आता वरचा आणि खालचा मिळून. प्रत्येकाची ओळ वेगळी गाऊन पाहिली, आणि लक्षात आलं की ज्याला मी साथ म्हणत होते तीच गोष्ट आहे. उजव्या हाताला तर जवळजवळ काहीच नाही: एक लांब स्वर, त्याच्या शेजारचा, परत तोच. घरातलं माणूस दारात उभं राहून तेच तेच बोलत असावं आणि आत तिघं जण मुकाट जिना उतरत असावेत. पहिला उतार सावकाश. तेराव्या खणापासून पुन्हा सुरुवात, आणि तोच उतार या वेळी घाईचा. मग एक थांबा, आणि तीन हलके समूह. माझ्या त्या जुन्या लेखातलं 'आर्त चाल' हे आता मागे घेते. ते ऐकून लिहिलं होतं. पाठ करून लिहिलं असतं तर लिहिलं नसतं.

यावरून कुणी म्हणेल, मग समीक्षकाने प्रत्येक रचना वाजवून बघावी का? शक्यच नाही. पण कवितेच्या बाबतीत आपण हे मानतो, की पाठ असलेल्या कवितेबद्दल माणूस वेगळं बोलतो. ती न वाचता बसमध्ये, भाजी चिरताना, झोप न लागलेल्या रात्री तिच्याशी गाठ पडते, आणि अशा वेळी कवितेतला एखादा अनावश्यक शब्द टोचू लागतो. लहान रचनेचंही तसंच. लांब सोनाटात एखादं पोकळ पान खपून जातं. सोळा खणांत एक पोकळ खणही सहा महिन्यांत उघडा पडतो.

शूमानच्या 'मुलांसाठी अल्बम'कडे (ओपस ६८, १८४८) मी फार उशिरा वळले. कारण लाज. चाळिशीतल्या बाईने 'आनंदी शेतकरी' वाजवायचा? थोरली मुलगी मारी सात वर्षांची झाली, तिच्या वाढदिवसाच्या भेटीतून हा संग्रह सुरू झाला आणि ४३ रचनांपर्यंत वाढला; पहिल्या अठरा लहानांसाठी, पुढच्या जरा मोठ्यांसाठी. शिकवण्याचं पुस्तक म्हणून तो इतका वापरला गेला की साहित्य म्हणून त्याच्याकडे बघायचं राहून गेलं, आपल्याकडे बालभारतीच्या कवितांचं होतं तसं. 'रानटी घोडेस्वार' ही सगळ्यांना ठाऊक असलेली रचना: चाल उजव्या हातात, मग पट्टी बदलून डाव्यात, मग परत उजव्यात. आठ-आठ खणांचे तीन भाग. स्मृती कशी बांधायची हे मूल न कळत शिकतं, कारण तीच गोष्ट दुसऱ्या हाताला सांगायला लावली की ती बोटांतून निघून डोक्यात जाते.

पण मला हा संग्रह मोठा वाटू लागला तो अठ्ठाविसाव्या रचनेमुळे. तिचं शीर्षक 'आठवण', आणि कंसात तारीख, ४ नोव्हेंबर १८४७. त्या दिवशी मेंडेल्सोन लाइपझिगमध्ये वारला. शीर्षकात नाव नाही, फक्त तारीख. सात वर्षांच्या मुलीच्या भेटीतून निघालेल्या पुस्तकात बाप आपल्या मित्राच्या मृत्यूची तारीख घालतो, आणि खाली रडगाणं लिहीत नाही. मेंडेल्सोनने लिहिली असती अशी, शब्दांवाचून गाणारी, उजळ पट्टीतली चाल लिहितो. २१, २६ आणि ३० या क्रमांकांना तर नावच नाही, नुसते तीन तारे. त्या तिन्ही मी पाठ केल्या आणि तिन्ही टिकल्या. नाव असलेल्या रचनेत पाठ करताना नावाचा आधार मिळतो, घोडा, शेतकरी, शिपाई. ताऱ्यांच्या रचनेत रचनेशिवाय धरायला काही नाही, म्हणून ती जास्त घट्ट धरली जात असावी. हा माझा अंदाज आहे. मारीला काय वाटलं असेल कोण जाणे.

बार्टोकच्या 'मिक्रोकोस्मोस'बद्दल चार ओळीच लिहिते, कारण माझं त्याच्याशी जमलं नाही. १५३ रचना, सहा भाग, पहिले दोन भाग मुलगा पेटर याला अर्पण. बुद्धीला पटतात. पाठही पटकन होतात, कारण प्रत्येकीत एक कोडं असतं. पण कोडं सुटलं की ते परत सोडवावंसं वाटत नाही. त्याचाच 'मुलांसाठी' हा आधीचा संग्रह, हंगेरियन आणि स्लोव्हाक लोकगीतांवरचा, जास्त टिकला. तिथे गळा आहे. शेवटी आपल्या भाषांचंच बरोबर असेल.

आता बाखकडे येते, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती त्याच्यापाशी झाली.

व्यवसायाने मी मुद्रितशोधक आणि अनुवादक. पाठभेद हा माझा रोजचा भाकरतुकडा. तरी 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर'च्या पहिल्या भागातला (१७२२) पहिला प्रिल्यूड, सी मेजरमधला, मी कॉलेज स्ट्रीटवर जुन्यात मिळालेल्या एका पिवळ्या प्रतीवरून पाठ केला आणि प्रत तपासली नाही. पाठ करायला याहून चांगली रचना नाही. प्रत्येक खणात एक स्वरसमूह, सुटा केलेला, दोनदा. म्हणजे रचना पाठ करायची तर स्वरसमूहांची माळ पाठ करायची, बाकी हात आपोआप करतात. माझी माळ छत्तीस मण्यांची होती. मी ती तीन वर्षं वाजवली, एका मैत्रिणीच्या आईच्या श्राद्धानंतर तिच्या घरी वाजवली. मग एकदा दुसऱ्या आवृत्तीत खण मोजले तर पस्तीस.

बाविसाव्या आणि तेविसाव्या खणांच्या मध्ये माझ्या प्रतीत एक खण जास्त होता. हॅम्बर्गचा संगीतकार श्वेंके याच्या नावाने तो ओळखला जातो. जुन्या अनेक आवृत्त्यांत तो आहे. गूनोने याच प्रिल्यूडवर आपली 'आव्हे मारिया' रचली, तिच्यातही आहे, म्हणजे जगभर लग्नांत आणि चर्चमध्ये लोक तो ऐकत आले आहेत. बाखचा नाही. क्षेपक. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला अवघड नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अशाच घुसलेल्या ओव्या आणि अपपाठ काढण्यासाठी, आणि पुढे कुणी यात आपली ओवी घालू नये असं बजावूनही ठेवलं.

पण हा खण कुणाला का घालावासा वाटला असेल? सी हा षड्ज धरला तर तळाचा स्वर बाविसाव्या खणात तीव्र मध्यमावर येतो, तिथून पंचम ओलांडून एकदम कोमल धैवतावर जातो, आणि मग पंचमावर उतरतो. उतरल्यावर आठ खण तिथून हलत नाही. म्हणजे पंचमाला आधी खालून हात लावल्यासारखा केला, मग वरून, आणि मग तो दिला. ज्याने खण घातला त्याला मधली उडी चूक वाटली असावी. त्याने मधे पंचम बसवून दिला, पायरी दुरुस्त केली. जिना गुळगुळीत झाला आणि पंचम दाराशी यायच्या आधीच घरात दिसला. आपला चांगला गवैया पंचम असा चुकवून चुकवून देतो तेव्हा कुणी उठून मधे तो लावत नाही.

हे सगळं मला समजल्यावरही बोटांना समजलं नाही. रचना पाठ करायला तीन आठवडे लागले होते; तो एक खण विसरायला चार महिने लागले. दमलेली असले की अजून येतो. आणि एक कबुली: तो आला की मला थोडं बरं वाटतं. मैत्रिणीच्या आईसाठी वाजवला होता तो छत्तीस खणांचाच होता. माझ्यात आणि त्या खणात छत्तीसचा आकडा असायला हवा, पण नाही.

याच्या उलट उदाहरण 'ॲना माग्दालेनाच्या वही'तल्या जी मेजर मिन्युएटचं. पियानो शिकणारं बहुतेक प्रत्येक मूल तो वाजवतं, बाखचा म्हणून. वही १७२५ची, बाखच्या बायकोची. मिन्युएट मात्र ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड याचा, हे १९७०च्या दशकात उघड झालं. तिथे नाव बदललं आणि एकही स्वर बदलला नाही. माझ्या हातांना काहीच करावं लागलं नाही. नाव वहीत असतं.

या महिन्यात ग्रीगचा 'एफ्टरक्लांग' घेतला आहे. ग्रीगचे 'लिरिक पीसेस' दहा भागांत आहेत, ६६ रचना. पहिल्या भागातली पहिली, 'आरिएटा', १८६७ची, तेवीस खणांची. ती माझ्या २३ मध्ये आहे. शेवटच्या भागातल्या शेवटच्या रचनेत, १९०१ मध्ये, तीच चाल परत येते, चौतीस वर्षांनी, वॉल्ट्झ होऊन. दोन्ही एकाच हातात ठेवणं अवघड जातंय. नवी वाजवताना जुनी तिला आपल्याकडे ओढते.

शेजारच्या मुलीने त्या दिवसानंतर माझ्याकडून दोन-तीन पुस्तकं नेली होती. कुठली ते मी बघितलं नाही. गेल्या रविवारी ती आली, न विचारता स्टुलावर बसली आणि सी मेजरचा प्रिल्यूड सुरू केला. वही नव्हती. सुरेख वाजवत होती, सावकाश, पेडल जपून. मी मनात खण मोजत होते आणि बाविसाव्यापाशी मोजायचं थांबले, कारण पुढे काय येणार ते मला कळलं होतं. आलाच. तिने त्यावर किंचित रेंगाळूनही घेतलं.

संपल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, छान. मग मी कपाटातून दुसरी प्रत काढली.